पाच आणि सात

गुरुवार, ५ जून २००३

हा पोरगा माझा जीव घेतल्याशिवाय राहायचा नाही! जेवताना म्हणतो कसा – "आई, बाबांच्या गाडीला नायट्रस गॅसची बाटली बसवतोय. एकवीस तारखेच्या शर्यतीत उतरणार." बटाटे वाढता वाढता माझा हात थांबला. "बटण दाबलं की दीडशे घोड्यांची ताकद जास्त!" घोडे म्हणे! याच गाडीत, शर्यतीच्या याच पट्टीवर माझ्या नवऱ्याची, वर्नची पाठ मोडली. गाडी दुरुस्त झाली, वर्न नाही झाला. तो जाईपर्यंत अकरा वर्षं मी त्याला कुशीवर वळवत होते. रसेल तेव्हा बारा वर्षांचा, सगळं बघितलंय त्यानं. तरी!

वर म्हणाला, "पण आधी तू इंजिन बघ. तू म्हणशील तसं." घरातला नियमच तो, वर्नचा – कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, मोजल्याशिवाय इंजिनावर जादा ताकद चढवायची नाही. आणि गेज धरायचं मी. इंजिनांच्या कारखान्यात एकोणतीस वर्षं काढलीत मी. वर्नला गाडी नुसती पळवता यायची.

शुक्रवार, ६ जून

रसेल कामावर गेल्यावर गुपचूप मोजलं. इंजिन गरम केलं, आठही प्लग काढले, एकेका सिलिंडरला गेज लावून दाब बघितला. देवाला विनवत होते – एक तरी मेलेला निघू दे. कसलं काय! एकशे साठच्या खाली एकही नाही. चौतीस वर्षांचं इंजिन, मेलं म्हातारंही होत नाही.

शनिवार, ७ जून

केकमध्ये साखर घालायची विसरले.

रविवार, ८ जून

केलं मी ते.

चर्चहून आलो, कपडे बदलले. रसेल गाडीत बसून किल्ली फिरवत होता, मी बॉनेटखाली. सहा सिलिंडर सरळ मोजले. पाचव्याला गेजची नळी दोन आटे कमी आवळली, दाब बाहेर निसटावा म्हणून. सातव्यालाही. पंच्याण्णव आणि नव्वद! तो उतरून काटा बघायला आला. म्हटलं, "फुसफुस ऐकलीस? शेजारशेजारचे दोन्ही गेलेत, म्हणजे दोघांमधली गॅस्केट फाटलीय, दाब तिथून निसटतोय. यावर नायट्रस सोडलास तर पिस्टन वितळेल."

"आत थोडं तेल सोडून परत बघू या?" – हे त्याला मीच शिकवलेलं! तेल सोडलं. नळी तेवढीच सैल ठेवली, काटा तिथल्या तिथेच. "बघ, तेलानं दाब चढला नाही, म्हणजे पिस्टनच्या रिंगा ठीक आहेत. दोष वर आहे. हेड उतरवावं लागेल, एकवीसपर्यंत काही होत नाही."

त्यानं किल्ली खिशात टाकली. म्हणाला, "तू म्हणतेस तर संपलं." ग्रीसच्या हातानं माझे खांदे दाबले. पोटच्या पोराशी खोटं बोलले. बोलले तर बोलले! जिवंत तर राहील.

गुरुवार, १२ जून

चिडला असता, आदळआपट केली असती तर बरं वाटलं असतं. हा शिट्टी वाजवत फिरतोय.

संध्याकाळी त्याचा मित्र कर्बी आला, दोनदा मागून घेऊन जेवला. "मिस नॉर्मा, तुमच्यासारखी आई असती तर मी अजून सायकलच चालवत असतो!" दोघं एकमेकांकडे बघून हसले. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

बुधवार, १८ जून

कर्बीचा खांदा दुखतोय म्हणे. त्याची गाडी शनिवारी शर्यतीत रसेल चालवणार! नायट्रसची बाटली बसवूनही झाली.

"कॉम्प्रेशन मोजलंय का तिचं?"

"कर्बी म्हणतो, मस्त पळते."

मस्त पळते! म्हटलं, आण इकडे, मी मोजते. "आता कुठे वेळ आहे आई? काळजी नको करूस. तू मोडकी गाडी पकडलीस ना, बास."

जिभेच्या टोकावर आलं होतं – आपली गाडी धडधाकट आहे रे! पण सांगितलं की बाबांची गाडी काढणार. नाही सांगितलं तर ती दुसरी, जिचा कुणी दाबसुद्धा बघितला नाही. इकडे आड, तिकडे विहीर. आणि आड मीच खणलाय.

शुक्रवार, २० जून

त्याच्या खोलीच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय गं?"

"काही नाही. आगीपासून वाचवणारा तो पोशाख नीट घाल. गळ्यापर्यंत."

"हो गं बाई!"

भित्री आहे मी. दुसरं काही नाही.

शनिवार, २१ जून

फोन आला. जाते.

मंगळवार, २४ जून

कर्बीच्या गाडीचा पिस्टन फुटला, तेल मागच्या चाकांखाली गेलं, गाडी भिंतीवर आदळली. रसेलचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. आज शुद्धीवर आला. चाचपडत माझा हात धरला. म्हणाला, "बरं झालं आई, तू आपली गाडी मोजलीस. बाबांच्या गाडीत हे झालं असतं तर तुला सोसलं नसतं."

मी म्हणाले, "हो रे बाळा."