पंखा दगडोबाचा, इंजन माझं

कुलसुम,

तुला उठवलं न्हाय. तू जाऊ दिलं नसतंस. दगडोबा सुतार कालपासून पोलीस चौकीत आहे. आपल्या खेळण्यातल्या कागदी विमानाचं इंजन माळावर वाजलं आणि गावाला वाटलं, सरहद्दीपलीकडून लढाईची खरीच विमानं आली.

चुलीपुढून नुसतं ऐकून तू सांगितलं होतंस, "पेट्रोलची सुई दीड फेरा उघडा, एकावर त्याला धाप लागतीय." मी हट्टानं एकावरच ठेवली. ते माळावर बंद पडलं. दुरुस्तीला घरी घेऊन आलो, तेवढ्यात शिपायांनी दगडोबाला, त्यानं विमानासाठी कोरलेल्या लाकडी पंख्यासकट, माळावरच धरलं. इंजन कुणाचं, ते त्यानं अजून सांगितलं न्हाय.

म्हणून मीच घेऊन निघालोय. चौकीच्या अमीनसाहेबापुढं, म्हंजे फौजदारापुढं, चालवून दाखवलं, तरच हे खेळणं आहे हे त्याला पटंल. पेट्रोलात मिसळायला तुझी एरंडेलाची बाटली नेलीय. सुई दीडवर लावलीय.

चौकीतला आवाज घरापर्यंत येतो. दुपारपर्यंत न्हाय आला, तर दगडोबाच्या घरच्या कस्तुरावहिनीला सोबत घे आणि परंड्याला माहेरी निघ. आला, अन् धापा टाकत असला, तरी आज चुका काढू नको. दगडोबाच्याही भाकरी थाप.

आयुब