कंसातले रुग्ण मोजू नयेत, याबाबत

प्रति,
मा. उपकुलसचिव,
संशोधन विभाग.

विषय: प्रबंधाची शब्दसंख्या मोजताना कंसातील संदर्भ वगळण्याबाबत.
संदर्भ: आपल्या संगणक प्रणालीचा नकार, सलग चौथा.

महोदय,

१. संशोधिका ही माझी आई. चौतीस वर्षे रुग्णालयात परिचारिका, निवृत्तीनंतर आपली विद्यार्थिनी. प्रबंधाचा विषय: रुग्ण आपले दुखणे कोणत्या शब्दांत सांगतात. गेल्या महिन्याच्या नऊ तारखेला ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती आणि मी ओट्याशी दूध तापवत होते. प्रणालीने प्रबंध परत पाठवला होता: मर्यादा ८०,०००, शब्द ८६,४१२. "अगं, हे यंत्र माझ्या पेशंटांनाही शब्द समजतंय," ती म्हणाली. "तूच मोजताना चुकली असशील," मी म्हटले. "सलाइनचे थेंब मोजण्यात जन्म गेला माझा. मला शिकवतेस?" असे म्हणून तिने चौथे प्रकरण माझ्यापुढे सरकवले. मी "वेळ नाही गं, नंतर बघते" म्हणाले. तेवढ्यात दूध उतू गेले. दुसऱ्या दिवशी पहाटे ती झोपेतच गेली. मृत्यूचा दाखला जोडला आहे.

२. तिची मोजणी बरोबर होती. मजकुरातील संदर्भ शब्दसंख्येत धरत नाहीत, असा आपलाच नियम आहे. तिने प्रत्येक उद्गारापुढे तो कोणाचा, हे कंसात लिहिले आहे. रुग्णांची नावे उघड करता येत नाहीत, म्हणून असे: (खाट सात, मुतखडा, दुसरा दिवस). असे कंस १,३८०, प्रत्येकी पाच शब्द. ते वजा केल्यास ७९,५१२ शब्द उरतात. प्रणाली मात्र आडनाव आणि साल दिसले तरच संदर्भ मानते. बिनआडनावाचा आजारी तिच्या लेखी नुसताच मजकूर आहे.

३. खिडकी क्रमांक दोनवरील लिपिक भला माणूस आहे. त्यांनी सुचवले, "मॅडम, मग खाटेलाच आडनाव देऊन बघा की." मी (सातवे, २००४) असे लिहून पाहिले. प्रणालीने सातव्यांना तत्काळ मान्यता दिली आणि त्यांचे पुस्तक मागितले. मी ग्रंथसूचीत 'मुतखडा: दुसरा दिवस' अशी नोंद केली. प्रणालीने प्रकाशक विचारला. तिथे मी थांबले. आणखी एक पाऊल टाकले असते तर सातव्यांना पुरस्कारच मिळाला असता. ती नोंद मी पुसून टाकली आहे, याची कृपया नोंद घ्यावी.

४. नंतरचा सल्ला: सर्व कंस काढून टाका. काढले. शब्द मर्यादेत बसले, परंतु सगळी दुखणी लेखिकेच्या अंगावर आली. पान ११२ वर एकट्या माझ्या आईला मुतखडा, अक्कलदाढ, मोडलेला खुबा आणि जुळ्यांच्या कळा, सर्व एकाच परिच्छेदात. पुढच्या पानावर ती "बायकोला सांगू नका, पण कालच्यापेक्षा बरंय" असे म्हणते. महिन्याभरात मी पहिल्यांदाच हसले, तेही इतक्या जोरात की शेजारच्या काकू मी रडते आहे असे समजून धावत आल्या. त्यांना वाचून दाखवले. मग त्याही हसत खाली बसल्या. "बाई गं, एवढं सोसून पुन्हा पीएचडी?" असे त्यांचे मत पडले.

५. त्यानंतर आपल्या कार्यालयाने कळवले की, दुरुस्ती संशोधिकेने समक्ष येऊन करावी. ती वेळेची पक्की होती. येणे शक्य असते तर कार्यालय उघडण्याआधीच येऊन बसली असती. दाखल्याची दुसरी प्रत जोडली आहे.

६. उरला एकच मार्ग, मूळ मजकुरातून ६,४१२ शब्द कापणे. तोही मी बसून पाहिला. ठणका, कळ, चमक, सणक, रवरव, हुळहुळ: यातले काही एकच असेल, असे मला वाटले होते. तिने चौथ्या प्रकरणात एकेका खाटेची साक्ष काढून दाखवले आहे की तसे नाही. ठणकते त्याला उशी द्यावी, रवरवते त्याला एकटे सोडू नये. हे वाचल्यावर माझी कात्री चालली नाही. सबब विनंती की, कंस माणसाकडून मोजून घ्यावेत आणि प्रबंध आहे तसा स्वीकारावा. या महिन्याच्या तीस तारखेला तिची नोंदणी रद्द होते. त्यानंतर प्रबंध कोणीच तपासणार नाही.

७. वारसाने प्रबंध संपूर्ण वाचल्याचे प्रतिज्ञापत्र खिडकीसमोर मोठ्याने वाचावे लागते. ते मी काल वाचले. छापील मजकूर संपला, पण मी थांबले नाही. लिपिकांनी पेन उचलून विचारले, "हेपण लिहून घेऊ का?" मी म्हटले, अर्जात देते. तरी माझे पुढील विधान प्रतिज्ञापत्राचा भाग समजावे:

"आई, मला वेळ नव्हता हे खोटं होतं. जगभरची पुस्तकं वाचली मी, आणि माझा स्वतःचा प्रबंध अर्ध्यावर टाकला. तुझा चांगला निघेल, अशी मला भीती वाटत होती. तो चांगला आहे."

आपल्या निर्णयाच्या प्रतीक्षेत,

(सही)
संशोधिकेची मुलगी
दि. १४