हरतालिकेची साखर

हुबळी,
रविवार, ३ ऑक्टोबर २००४

ती. सौ. शालिनीआत्यांस,
पल्लवीचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक. दुर्गदबैलाच्या बाजारात दसऱ्याची गर्दी सुरू झाली आहे, आप्पांना दुकानातून जेवायला यायलाही सवड नाही. उणकलच्या आपल्या घराला रंग लागला. आईच्या मते पोपटी, माझ्या मते शेवाळी.

तुमचं पत्र पोचलं. माझं हरतालिकेचं व्रत मोडलं म्हणून माझ्या वाटचे सोमवार तुम्ही धरलेत, हे वाचून आई रडली. मला राग आला. तुमच्यावर रागवायचं माझं वय नाही, ठाऊक आहे.

तेव्हा ऐकाच. हरतालिकेला मी कोसळले ती पित्तानं नव्हे, आईनं तुम्हाला तसं सांगितलं. मला साखरेचा आजार आहे, दोन वर्षं झाली. मानेवरचा काळेपणा त्यातलाच, मळ नव्हे. तुम्ही लावायला सांगितलेलं दही-बेसन वाया गेलं, त्याची भजी तरी झाली असती! तुमच्या मिरजेत कळलं तर पुढे स्थळं येणार नाहीत, म्हणून आईनं तुमच्यापासून लपवलं. अय्यो, सतराव्या वर्षी कसली स्थळं?

गोळ्यांनी भागेना, तेव्हा इथल्या एका डॉक्टरांनी मला नव्या इन्शुलिनच्या चाचणीत घेतलं. झोपताना एकदा टोचलं की दुसऱ्या दिवसभर पुरतं. मोठ्यांना ते चालतं. आमच्या वयाच्या मुलांना कितपत मानवतं, ते बघतायत. मला मानवलं. घशाची कोरड गेली, वर्गात डुलक्या यायच्या थांबल्या.

तुम्ही सणाला इकडे आला होतात. हरतालिकेच्या आदल्या रात्री मी नेहमीसारखी सुई घेतली, आणि सकाळी तुम्ही हौसेनं म्हणालात, "पल्लवे, यंदा माझ्याबरोबर निर्जळी कर की." आईआप्पांनी अडवलं नाही. मीही हो म्हणाले. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. वाळूची पिंड करतानाच माझे हात कापायला लागले.

डॉक्टरांना मी खरं ते सांगून आले. "उपास याक माडिदी, तंगी?" म्हणून केवढ्यांदा ओरडले! उपास का केलास म्हणून ओरडले, औषधाला काही बोलले नाहीत. मात्रा थोडी उतरवली. पण आप्पा हाय खाऊन बसलेत. पुढच्या सोमवारी जाऊन चाचणीतून माझं नाव काढून घेणार म्हणतात, आणि मला अठरा पूर्ण होईपर्यंत त्यांचाच शब्द चालणार. मला पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं नाही, आत्या. मला भीती वाटते. आप्पा ऐकतात ते एका अक्काचं, म्हणजे तुमचं.

आता एक विचारते. मी कोसळले तेव्हा आई तोंडावर पाणी मारत होती, शेजारच्या वेणूबाई कांदा हुंगवत होत्या. तुम्ही मात्र नैवेद्य दाखवायच्या आधीच देवापुढची साखरेची वाटी उचललीत आणि "व्रत गेलं चुलीत" म्हणत माझ्या गालात साखर कोंबलीत. साखरच हवी, हे तुम्हाला कसं कळलं?

वाटीत उरलेली चिमूट तुम्ही पाठ फिरवून स्वतःच्या तोंडात टाकलीत. मी पाहिलं. तुमचेही हात कापत होते.

आप्पांना फोन करा. माझी रदबदली नको, तुमच्याही साखरेचं तेवढं खरं सांगा. घात औषधानं केला नाही, लपवाछपवीनं केला, हे त्यांना मग पटेल. आणि ते सोमवार सोडा. वेळेवर जेवा.

तुमच्यावरच गेलेली,
पल्लवी