दाढीचा आरसा

अहो,

महिला मंडळाच्या आम्ही नऊजणी आज अजिंक्यताऱ्यावर चाललोय. सकाळी धुक्यात किल्ला नुसता अधांतरी तरंगत होता. वाटलं, आज गेले नाही तर तो निघूनच जाईल. पिठलं झाकून ठेवलंय, भाकऱ्या दुरडीत आहेत.

तुमचा दाढीचा आरसा शोधू नका, मी नेलाय. चार वाजता अंगणात उभे राहा, वरून कवडसा पाडीन. मंगळवारी भूकंपाचा धक्का बसला तेव्हा रेडिओ कवटाळून उभे होतात ना, तिथेच. मला हाक न मारताच धावलात, म्हणून शेजाऱ्यांदेखत मी "रेडिओ वाचला हो!" म्हणाले. ते चुकलंच माझं. पण तेव्हापासून तुम्ही अबोला धरलाय, आणि घरातसुद्धा धुकं उतरल्यासारखं झालंय.

कवडसा दिसला तर हात हलवा. पांढरा सदरा घाला, म्हणजे एवढ्या लांबून मला तुम्ही ओळखू याल.

उद्या कचेरी आहे, म्हणजे दाढी आलीच. आरसा मी आपणहून देणार नाही. हाक मारून मागावा लागेल.

चारू