जपून ठेवायचं चित्र

प्रिय ताई,

मागच्या महिन्यात बोलता बोलता तू कॅमेऱ्यासमोरून उठलीस आणि दिवाच घालवलास. तेव्हापासून आपण टाइप करून बोलतोय. बरी आहेस ना, हो, जेवलास का, हो. असलं बोलणं तुला शोभत नाही आणि मला पुरत नाही. तू दोन्ही हातांनी भांडणारी बाई. तुझ्या एका भुवईत जेवढं असतं तेवढं माझ्या अख्ख्या ईमेलमध्ये नसतं. तुला परत त्या खुर्चीत बसवायचं, एवढा हट्ट धरून लिहायला बसलोय.

तू चिडलीस ते बरोबरच होतं. ऐकू येणाऱ्यांचं चित्र अडकलं तरी आवाज चालू राहतो, त्यांचं काही अडत नाही. तुला ऐकू येत नाही, आपलं सगळं बोलणंच हातांचं, म्हणजे चित्रात. तू हात उचललास की मनगटापुढे नुसता फराटा दिसायचा, बोटं कुठली आणि मागचा पडदा कुठला ते कळायचं नाही. वर तू टाइप केलंस की व्हिडिओच्या जिवावर पगार घेतोस आणि बहिणीची बोटं दिसत नाहीत तुला. लागलं मला ते. दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेलो तो तोंड पाडूनच.

तुझ्या दुकानात खिळ्याला पुठ्ठ्याचे नमुने टांगलेले असतात ना, आणि नवं कापड कापताना तू आधी कापलेला तुकडा कधीच वापरत नाहीस, पुठ्ठाच काढतेस. एकावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा असं कापत गेलं की गळा कुठल्या कुठे जातो, म्हणून. व्हिडिओ बनवणारी चिप नेमकं तेच करते जे तू करत नाहीस. ती दर वेळी पूर्ण चित्र पाठवत नाही. आधीचं चित्र आधाराला ठेवते आणि त्यात काय बदललं तेवढंच पाठवते. आधाराची चित्रं ठेवायला तिच्याकडे मोजक्याच जागा. नवं आलं की सगळ्यात जुनं फेकून देते. वाटेत एक जरी हरवलं, तर तुझ्याकडून निघालेला बदल माझ्याकडे नसलेल्या चित्रावर बसतो, आणि तुझ्या हाताचा चिखल होतो. मग पूर्ण चित्र नव्याने मागवायचं. ते जड, लाइन आधीच मरतुकडी, म्हणजे पुन्हा अडकलं.

चिपला काय करायचं ते सांगणारा प्रोग्रॅम, त्याला ड्रायव्हर म्हणतात, तो आमची टीम लिहिते. मी म्हटलं, कॉल करणाऱ्या ॲपला एक कळ द्या. पलीकडे नीट पोचलंय अशी खात्री झालेलं चित्र त्याने जपून ठेवायला सांगावं, आणि गडबड झाली की पुढचं चित्र त्यावरूनच बनवायला लावावं. आमच्या मॅनेजरला आम्ही कात्री म्हणतो, कारण तिच्यासमोर ठेवलेली कुठलीही गोष्ट लहान होऊनच परत येते. तिचं म्हणणं, कळा वाढल्या की लोक नको त्या फिरवतात, आणि एक जागा अशी अडवून ठेवली तर बाकीचं चित्र खराब होईल. तिचंही चूक नव्हतं, हेच तर वाईट.

तरी हटून बसलो आणि पहिल्या फटक्यात तोंडावर आपटलो. मी जागांना नंबर दिले होते. ॲप म्हणायचं दोन नंबरवरचं काढ. मधल्या काळात चिपने ते चित्र टाकून तिथे दुसरं ठेवलेलं असायचं, आणि ड्रायव्हर मुकाट्याने तेच द्यायचा. पडद्यावर माझ्याच एका हाताला सात बोटं. कात्री पहिल्यांदा पोट धरून हसली. मग मी जागेचा नंबर काढून चित्रालाच नाव देऊ दिलं, आणि त्या नावाचं चित्र उरलं नसेल तर ड्रायव्हरने सरळ नाही म्हणायचं, उगाच भलतं पुढे करायचं नाही. तेवढ्याने गाडी रुळावर आली.

तपासायला घेतलं तर आमच्याकडच्या व्हिडिओंत फुटबॉल, धबधबा, बातम्या देणारी बाई, पण हातांनी बोलणारं कुणी नाही. मग मीच कॅमेऱ्यापुढे बसलो आणि लहानपणी तू शिकवलेल्या सगळ्या शिव्या हातांनी देऊन टाकल्या. आता ड्रायव्हरची प्रत्येक आवृत्ती त्या शिव्यांवर तपासली जाते. कात्रीला वाटतं मी हवामानाचा अंदाज सांगतोय. सगळ्यात मरतुकड्या लाइनवरसुद्धा एकूण एक शिवी स्वच्छ दिसते, ताई. मंगळवारी कात्रीने सही केली आणि तुझ्या ॲपमध्ये ते आलंही.

आमची छोटी मांडीवर झोपली आहे. मघाशी स्वयंपाकघरात पातेलं पडलं, शेजारचे डोकावून गेले, हिची पापणी हलली नाही. येणारा जाणारा म्हणतो किती शहाणं बाळ, आणि आम्हीही कौतुकाने सांगत सुटायचो.

परवा तपासणी झाली. तिला ऐकू येत नाही. आम्ही दोघं तिथल्याच बाकावर बसून रडलो. तुला राग येईल हे माहीत असून सांगतोय. ती ऐकणार नाही याचं रडू तेवढं नव्हतं, तिच्याशी बोलायला आम्हाला येत नाही याचं होतं. तुझ्या भावजयीला दूध आणि झोप एवढ्याच खुणा येतात, त्याही चुकीच्या, आणि तुझ्यापासून लांब राहून माझे हात बोबडे झालेत. आमच्या घरात हिची भाषा येणारी एकटी तू आहेस. रविवारी सकाळी दिवा लावून बस, मी हिला मांडीवर घेऊन समोर बसतो. कागदावर हिचं नाव लिहून झालंय, पण त्या नावाने हाक मारून उपयोग नाही. नाकाखाली बोट फिरवून तू मला शेंबड्या केलंस ते आजतागायत माझं खरं नाव आहे. हिचंही हातांचं नाव तूच ठेव, फक्त जरा बरं ठेव. चित्र अडखळलं तर क्षणभर थांब, ते परत नीट होईल. उठून जाऊ नकोस.

तुझाच,
शेंबड्या