काकूंबरोबर शोरो शोधताना

आई,

परवाच्या रविवारी मी तुझ्या मैत्रिणीकडे जाऊन आले. योकोहामाच्या इमारतीत आपल्या खालच्या मजल्यावर राहायच्या, त्या जपानी काकू. बाबांच्या बँकेने आपल्याला तिथे पाठवलं तेव्हा मी नऊ वर्षांची होते. आता माझ्या कंपनीने मला टोकियोला पाठवलंय. इथल्या ओजिमा भागात राहायला येऊन दोन वर्षं झाली, योकोहामा ट्रेनने तासाभरावर, तरी मी त्यांना भेटायचं टाळत होते. लहानपणापासून माझा त्यांच्यावर राग आहे. राग कसला, मत्सरच तो.

वसंतात पाऊस पडून गेला की तुम्ही दोघी समुद्राकाठच्या पाइनच्या वनात शोरो शोधायला जायचात. ट्रफलसारखंच हे अळंबही जमिनीखाली वाढतं, सुपारीएवढं किंवा लिंबाएवढं. तू शाकाहारी, बाहेर कुठेही माशाचं पाणी न घातलेला पदार्थ मिळेना म्हणून रडकुंडीला आली होतीस, तेव्हा हे तुला चालणारं खाणं काकूंनी तुला दाखवलं. तुला जपानी चार शब्द यायचे, त्यांना मराठी एकही नाही, तरी दिवसभर तुमचं काय बोलणं चालायचं कोण जाणे. एकदा मी हट्टाने बरोबर आले. तुम्ही दोघी गुडघ्यांवर बसून छोट्या दाताळ्याने वाळू बाजूला करताय, काही सापडलं की एकमेकींना हाका मारताय. मीही एक गोळा उकरून धावत आणला. तू तो सुरीने कापलास. आत जांभळट काळं. "हे विषारी असतं. आधी कापून बघावं, मग नाचावं," म्हणालीस आणि फेकून दिलास. तेवढ्यात काकूंनी हाक मारली आणि तू तिकडे गेलीस. संध्याकाळी तू शोरो तुपावर परतून भातात घातलेस. बाबा म्हणाले, "मातीतलं काहीबाही मला नको." मीही नको म्हटलं, पोटात भूक असून. तू पातेलं उचललंस आणि खाली काकूंकडे जेवायला गेलीस.

काकूंचे गुडघे आता गेलेत. तरी चहा झाल्यावर त्यांनीच विचारलं, "वनात जाऊ या का?" तिथे त्या घडीच्या स्टुलावर बसल्या आणि दाताळं माझ्या हातात दिलं. "वाळू जरा वर आलेली, तडकलेली दिसते का बघ. दिसली की हळू उकर." बराच वेळ काही सापडलं नाही. मग एका मुळाजवळ पांढुरका गोळा निघाला. बोटाने चोळला तर साल गुलाबी झाली.

"काप," काकू म्हणाल्या. आत पांढराशुभ्र, स्पंजासारखी बारीक छिद्रं. "छत्रीचा आकार दिसतो का? दिसला तर ते कोवळं विषारी अळंब. नाही ना? मग शोरोच." मी तो हुंगला. आणि मग, तीही असाच आधी वास घेऊन बघायची, असं म्हणत त्यांनी तुझं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढे आदराचं 'सान'ही न लावता. बाबांनी लग्नात ठेवलेलं नव्हे, तुझं माहेरचं.

"हे नाव तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तिनेच. म्हणाली, या नावाने हाक मारणारं आता कुणी उरलं नाही, तू मारत जा."

आपल्या घरात ते नाव मी एकदाही ऐकलं नव्हतं. लग्नाआधी तू कोण होतीस हे मी कधी विचारलं नाही हे खरं, पण त्यांना तू आपण होऊन सांगितलंस. हातातला शोरो तिथेच टाकून निघून यावंसं वाटलं.

थोड्या वेळाने काकूंनी तुझ्या आजारपणाचं विचारलं. मी सांगितलं, शेवटचे महिने तिला माणसं ओळखू येत नव्हती. त्यांनी माझ्या हातातलं दाताळं घेऊन त्याची वाळू झटकली. मग म्हणाल्या, "माझी आठवण काढायची का कधी?"

"नाही," मी म्हटलं. "कुणाचीच नाही."

त्यांनी मान हलवली. शोरो कागदात गुंडाळून माझ्या पिशवीत घातला. "तू ने. घरी भात कर."

तुला हे पोचणार नाही म्हणूनच लिहिता येतंय. मी इकडे येण्याआधी, ठाण्याच्या घरी तू माझा हात धरून मला काकूंच्या नावाने हाक मारायचीस. तुटक्या जपानीत विचारायचीस, ट्रेन चुकली का, आता कसं जायचं. मी जपानीतच सांगायचे, दुसरी येईल, बस तू. मग तुझा डोळा लागायचा. काकूंना हे सांगितलं असतं तर त्यांना किती बरं वाटलं असतं, हे कळत होतं मला. पण आयुष्यात पहिल्यांदा तू तासन्‌तास माझा हात सोडला नव्हतास, आणि सांगितलं असतं तर तेही त्यांचंच झालं असतं.