तुमले ते चालानी सवय शे

४ नोव्हेंबर
आले बाई एकदाची प्रकाशा गावाला! म्हाताऱ्या प्रेमचंदभाऊंच्या बंगल्यात त्यांची नर्स म्हणून राहायचं. खिडकीतून केळीची बाग दिसते, जेवायला गरम भाकरी आणि वांग्याचं भरीत. अजून काय पाहिजे? म्हाताऱ्याला पाय वळवळण्याचा आजार. सांज झाली की पाय जागेवर राहत नाहीत, सारखं चालावंसं वाटतं. गोळी घेतली की गप्प. ही गोळी अंगवळणी पडली की एकदम बंद करायची नाही, नाहीतर पाय चौपट वळवळतात, असं डॉक्टरांनी बजावलंय. गोळी द्यायची, पाय चेपायचे, एवढंच काम. सूनबाई हेमांगीताई स्वभावाने गोड आहेत. रिना, तू कोणाची, हे कोणी विचारलं नाही. बरंच झालं.

७ नोव्हेंबर
हेच पाय माझी आई चेपायची. कालीबाई. दिवसभर यांच्या बागेत राबून, वर हे. बागेतच तिला साप चावला. दवाखाना शहाद्याला, जीप दारात उभी होती. हा म्हातारा म्हणाला, तुमले ते चालानी सवय शे, चालत जाय शहादाले. आई वाटेतच पडली, उठलीच नाही.
आता तू चाल, मेल्या.
आजपासून त्याला तशीच दिसणारी कॅल्शियमची गोळी. खरी फेकायची कुठे? हेमांगीताई केरसुद्धा चाळतात. गिळून टाकली. झोप काय लागली, अहाहा!

१५ नोव्हेंबर
म्हातारा चालतोय. ओसरी, अंगण, परत ओसरी. मांड्यांवर बुक्क्या मारतो, रडतो. म्हणतो, पायमा साप फिरी ऱ्हायनात. मी गोड हसून पाय चेपते. डॉक्टरांनी फोनवरच गोळी वाढवली. वाढलेलीही माझ्याच पोटात. काय करू, तिच्याशिवाय आता डोळा लागत नाही.

२ डिसेंबर
चालत चालत थेट तापीत गेला. घाटावर चपला सापडल्या. पदर तोंडाला लावून मीही रडले. आतून मात्र पेढे वाटावेसे वाटत होते. आई, फेडलं गं तुझं!
मेलेल्याचं घरात ठेवत नाहीत म्हणून कपडे, काठी, औषधाचा डबा, सगळं नदीत सोडलं. डबा तर मीच सोडला, याच हातांनी. गोळ्या आठवल्या तेव्हा तो पार लांब गेला होता.

४ डिसेंबर
पोटऱ्यांत काहीतरी सरपटतंय. दुकानदार चिठ्ठीशिवाय गोळी देत नाही. डॉक्टरांना काय सांगू? म्हाताऱ्याच्या गोळ्या कोणी खाल्ल्या म्हणून?

५ डिसेंबर
बसवत नाही. ओसरी, अंगण, ओसरी. हेमांगीताई म्हणाल्या, अगं, तू तर सासऱ्यांसारखीच —
फरशीवर ओली पावलं. माझी नाहीत. माझे पाय बरोबर त्यांच्यावरच पडतात —

६ डिसेंबर
हेमांगीताईंनी जीप काढली. चल दवाखान्यात, म्हणतात. किती भल्या! बसायचंय मला, देवाशपथ बसायचंय — पाय वर चढत नाहीत. जीप मागे राहिली —
घाट. ओली पावलं पुढे. आई, थांबव गं —
पाणी गुडघ्यापर्यंत. वही भिजते. कानाशी तोच आवाज, हसतोय, चालत जाय, तुमले ते चालानी —